आईला ब्लेनहाइममध्ये चहाला नेताना

आई भारतातून आली असेल आणि तिला ऑक्सफर्डजवळच्या ब्लेनहाइम पॅलेसमध्ये ‘आफ्टरनून टी’साठी, म्हणजे सँडविच-केकसह दुपारच्या चहासाठी, न्यायचे असेल, तर टेबल आगाऊ राखून ठेवावे आणि त्याच वेळी आहाराविषयी स्पष्ट कळवावे. केवळ ‘शाकाहारी’ म्हणून भागत नाही, कारण इंग्लंडमध्ये शाकाहारात अंडे धरलेलेच असते, आणि सँडविचपासून केकपर्यंत ते कुठेही असू शकते. तारीख ठरवण्यापूर्वी चतुर्थी-एकादशीही पाहून घ्यावी. ऐन वेळी उपवास निघाला तर सगळेच मुसळ केरात.

राजवाडा आधी पाहावा. १८७४ साली चर्चिल यांचा जन्म जिथे झाला ती खोली आईंना सहसा आवडते; मात्र चालणे बरेच होते, म्हणून बागेचा हट्ट धरू नये.

तीन मजली तबकात साधारणपणे खाली सँडविच, मध्ये स्कोन (छोटे, जाडसर गोल पावासारखे) आणि वर केक असतात, व खाण्याचा क्रमही तोच. स्कोन हाताने आडवा उकलून त्यावर जॅम आणि सायीसारखे दाट क्लॉटेड क्रीम लावतात. आधी क्रीम की आधी जॅम, हा डेव्हन आणि कॉर्नवॉल या इंग्लंडमधल्या शेजारी परगण्यांचा जुना वाद आहे. आपण त्यात पडू नये. उकळलेल्या, आले घातलेल्या चहाची सवय असलेल्या आईला ‘अर्ल ग्रे’ चहाचा बर्गमॉटचा (एका लिंबूवर्गीय फळाचा) वास बहुधा रुचत नाही, त्यामुळे आसाम चहा मागवून तो किटलीत चांगला मुरू द्यावा आणि दूध वेगळे घ्यावे. पौंडांचे रुपये करण्याची संधी तिला मिळू नये, यासाठी पैसे आधीच भरलेले बरे.