इंदुरात नव्याने आलेल्या मराठी ख्रिस्ती कुटुंबाने मंडळी कशी निवडावी?

जय ख्रिस्त.

तुमच्या प्रश्नावरून मला समजलं ते असं. नगरहून पीथमपूरच्या कारखान्यात बदली झाली, घर राऊला घेतलंत, आणि दोन-तीन चर्चमध्ये जाऊन आल्यावर घरात तीन मतं पडली. तुम्हाला एकीकडचा उपदेश फार भावला. मुलांना दुसरीकडचा बँड आवडला. आणि वहिनींना कुठेच मराठी कानावर पडली नाही, त्यामुळे त्यांचं मन कुठेच लागत नाही. आता ठरवायचं कसं?

मी इंदुरातच वाढलो, बरीच वर्षं आमच्या चर्चच्या पास्टरेट कमिटीत काम केलं, आणि महाराष्ट्रातून आलेली अनेक कुटुंबं इथे रुळताना किंवा न रुळता रविवारी घरी बसू लागताना पाहिली. त्यावरून सांगतो: उपदेश करणारा माणूस क्षणभर बाजूला ठेवा आणि मागे काय उरतं ते बघा.

कारण अगदी व्यवहारातलं आहे. सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) असो की कॅथलिक, आपल्याकडे पाळकांची आणि फादरांची काही वर्षांनी बदली होते. ज्यांच्या उपदेशासाठी तुम्ही राऊहून दर रविवारी गाडी काढाल, ते उद्या दुसऱ्या गावी जातील. मंडळी मात्र तिथेच राहते. बाकावर तुमच्या शेजारी बसणारी माणसं, गीत सुरू करणारा म्हातारा, रविवारच्या शाळेत शिकवणाऱ्या बाई, कमिटीत हिशेब लिहिणारा कोणी. तुम्हाला राहायचंय ते त्यांच्यात.

आधी तुमच्या आणि इथल्या चर्चचं नातं सांगतो, कारण ते तुमच्या लक्षात आलं नसावं. नगरला १८३१ साली अमेरिकन मराठी मिशन आलं, इथे माळव्यात १८७७ साली कॅनडाचं प्रेस्बिटेरियन मिशन आलं. इंदूर ख्रिश्चन कॉलेज त्याच मिशनने १८८७ साली काढलेलं, किशोरकुमार शिकले ते. पुढे इथल्या प्रेस्बिटेरियन आणि तुमच्याकडच्या काँग्रिगेशनल मंडळ्या १९२४ साली युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडियात एकत्र आल्या, आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा चर्चसंस्थांची मिळून सीएनआय झाली. तेव्हा तुमची नगरची मंडळी सीएनआयची असेल, तर इथल्या सीएनआय चर्चमध्ये तुम्ही पाहुणे नाही, घरचेच आहात. तुमचं सभासदत्व तिथून इथे पत्राने येतं. प्रभुभोजनाचा क्रमही ओळखीचाच वाटेल, फक्त हिंदीत.

पलासियाच्या बाजूचं सेंट ॲन्स, ज्याला सगळं शहर व्हाइट चर्च म्हणतं, ते रेसिडेन्सीच्या काळातलं आणि सीएनआयचं. तिथे नाताळात जाऊन मत बनवू नका. २५ डिसेंबरला तिथे आणि लाल चर्चमध्ये अर्धं इंदूर लोटतं, सगळ्या धर्मांची माणसं मुलाबाळांना घेऊन येतात. मला तो दिवस मनापासून आवडतो, पण त्या गर्दीत मंडळी दिसत नाही. जुलै-ऑगस्टमधला भर पावसातला रविवार बघा, सण नाही, पाहुणे नाहीत. त्या दिवशी जे येतात ती मंडळी.

आणि जमलं तर उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे) सोडू नका. बऱ्याच चर्चमध्ये दुपारी बारा ते तीन अशी लांब उपासना असते, आणि वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर वेगवेगळी माणसं बोलतात. त्यात पाळकांशिवाय शाळेतली शिक्षिका असते, निवृत्त कारकून असतो, कधी कॉलेजातलं पोर असतं. मंडळी कोणाला बोलायला उभं करते, बाया बोलतात की नुसता चहा करतात, तरुणाला संधी आहे की तीच चार घराणी सगळीकडे पुढे, हे त्या तीन तासांत स्वच्छ दिसतं. सीएनआयमध्ये स्त्रियांना दीक्षा मिळते, पण कागदावरचा नियम आणि मंडळीची सवय यांत अंतर असू शकतं.

उपासना संपल्यावर लगेच गाडीकडे वळू नका. थोडा वेळ आवारात थांबा. 'कोणी आजारी आहे का, या आठवड्यात कोणाकडे प्रार्थना आहे का?' असं दोघा-तिघांना सहज विचारा. जिवंत मंडळीत लगेच उत्तर मिळतं: अमुक आंटी एमवाय हॉस्पिटलमध्ये भरती आहेत, तमुक यांच्याकडे बुधवारी प्रार्थनासभा आहे, चला. जिथे 'पादरी साहब से पूछिए' एवढंच उत्तर येतं, तिथे सगळा भार एका माणसावर आहे आणि त्याची बदली झाली की सगळं थांबणार. मी एखाद्या चर्चला पहिल्यांदा गेलो की हेच विचारतो.

हिशेबाचंही विचारा, संकोच करू नका. वार्षिक सभा होते का, जमाखर्च सगळ्यांसमोर वाचला जातो का, हंगामाच्या सणाला लिलावातून आलेले पैसे कशाला लागले, हे कोणत्याही साध्या सभासदाला सांगता आलं पाहिजे.

ज्या चर्चमधला बँड मुलांना आवडला ती स्वतंत्र फेलोशिप आहे, असं तुमच्या वर्णनावरून वाटतं. विजयनगरकडे आणि बायपासच्या बाजूला अशा मंडळ्या आहेत, त्यांतल्या काही फार प्रेमळ आहेत, आणि तिथली प्रार्थनेची ओढ आपल्या जुन्या चर्चांनी शिकावी अशी आहे. पण तिथे माझी कसोटी उलटी लावावी लागते. पाळक बदलत नाही, बहुधा मंडळी त्यांनीच उभी केलेली असते. म्हणून विचारायचं ते हे, की त्यांना जाब विचारणारं कोणी आहे का? ट्रस्टवर घरच्याच माणसांची नावं आहेत की बाहेरचे लोकही आहेत? पाळकांच्या मताविरुद्ध बोललेलं एखादं कुटुंब अजून त्याच मंडळीत येतंय का? आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाला अशाच एका ठिकाणी दशांश (चर्चला द्यायचा कमाईचा दहावा भाग) कमी पडल्यावरून सगळ्यांसमोर ऐकून घ्यावं लागलं, तेही घरातला कर्ता माणूस नोकरी गेल्यामुळे घरी बसला असताना. दशांश द्यावा, मी देतो. पण ज्याच्याकडे द्यायला काही नाही त्याला मंडळी कसं वागवते, यावरून तिचं अंतःकरण कळतं.

तुमच्या बाबतीत आणखी एक प्रश्न आहे, तो पहिल्याच भेटींत काढा. तुमच्या मुलांचा बाप्तिस्मा लहानपणी झालाय, असं तुम्ही लिहिलंय. पेंटेकोस्टल आणि ब्रदरन परंपरेत सहसा तो मानत नाहीत, मोठेपणी पाण्यात बुडवून पुन्हा घ्यायला सांगतात. सीएनआयमध्ये बालबाप्तिस्मा आणि प्रौढांचा बाप्तिस्मा दोन्ही चालतात, आणि लहानपणी बाप्तिस्मा झालेल्यांचं पुढे शिक्षण घेऊन बिशपांच्या हातून दृढीकरण होतं, म्हणजे मूल स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल करतं. तुमचा मोठा आठवीत आहे, म्हणजे त्या शिक्षणाचं वय जवळ आलंय. वर्षभर एका ठिकाणी रमून मग हा मुद्दा निघाला, तर त्रास मुलांना होतो.

आज खटकणार नाही, पण दहा वर्षांनी आठवेल अशी गोष्ट म्हणजे लग्न. १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याप्रमाणे लग्न लावणारा पाळक एपिस्कोपल, म्हणजे बिशपांच्या हातून, दीक्षा झालेला तरी असावा लागतो किंवा त्याच्याकडे त्या कायद्याखालचा परवाना असावा लागतो. स्वतंत्र मंडळीत परवान्याचं विचारलं तर त्यात अपमान काही नाही. कब्रस्तानातल्या जागेचंही तसंच, ते सहसा सभासदत्वाशी जोडलेलं असतं. नव्या गावात हे आधीच माहीत असावं.

कॅथलिक चर्चबद्दल तुम्ही ओघात विचारलंत. लाल चर्च हे इंदूर धर्मप्रांताचं कॅथेड्रल, असिसीच्या संत फ्रान्सिसच्या नावाचं. तुम्ही मिस्साला खुशाल बसा, मात्र पवित्र कम्युनियन कॅथलिकांनाच दिलं जातं, त्यामुळे कुटुंबाची कायमची मंडळी म्हणून ते तुम्हाला जमणं कठीण. तरी एकदा जा, सिस्टर राणी मारियांसाठी जा. उदयनगर भागातल्या गरीब आदिवासी शेतकऱ्यांच्या बाजूने त्या सावकारांसमोर उभ्या राहिल्या, म्हणून १९९५ साली त्यांना बसमध्ये भोसकून मारलं. त्यांच्या घरच्यांनी मारेकऱ्याला क्षमा केली, सख्ख्या बहिणीने त्याला राखी बांधली. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी त्यांना धन्यवादित (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित करण्याचा सोहळा इंदुरातच झाला. तेव्हापासून कुठलीही मंडळी, माझी स्वतःचीसुद्धा, बघताना माझ्या मनात येतं की भिंतीबाहेरच्या कोणासाठी ही मंडळी उभी आहे. हे तुम्हीही विचारत राहा.

आता वहिनींचं. त्यांचं दुःख मला खरं वाटतं, ते 'सवय होईल' म्हणून झटकू नका. इथली उपासना मुख्यतः हिंदीत, काही ठिकाणी इंग्रजीत, केरळच्या मंडळ्यांची मल्याळममध्ये. आईच्या तोंडून शिकलेली प्रभूची प्रार्थना दुसऱ्या भाषेत म्हणताना पहिले काही महिने मन मागेच राहतं. पण मराठी ख्रिस्ती घरं इथे आहेत, नगर, नागपूर, वसईकडून आलेली. रविवारी 'जय मसीह की' म्हणून हिंदीत गाणारी ही माणसं घरगुती प्रार्थनेला पेटी काढून मराठी गीतं म्हणतात. त्यांना शोधायचं ते पाळकांना विचारून, आणि सापडली नाहीत तर तुम्हीच घरी एक संध्याकाळ ठेवा. मुलांना मात्र हिंदी रविवारच्या शाळेत घाला. त्यांचे मित्र तिथले होणार. वर्ग कोण घेतं, दार उघडं असतं का, एकटा मोठा माणूस एकट्या मुलाबरोबर बसत नाही ना, हे एकदा डोळ्यांनी पाहा. मुलांना गिटार आवडत असेल तर चांगलंच आहे, जुन्या चर्चांच्या तरुण संघातही हल्ली ती वाजते, वाजवणारी पोरं हवीच असतात.

अंतराचंही मोजा. राऊहून रेसिडेन्सी भागात रविवारी सकाळी येणं जमतं, पण बुधवारच्या प्रार्थनेला कामावरून परत येऊन पुन्हा शहरात जाणं जमेल का? उलट दिशेला महू आहे, छावणीचं गाव, तिथेही जुनी चर्च आहेत. तिकडे तुम्ही अजून गेला नसाल तर पुढच्या रविवारी जाऊन या.

आणि नगरच्या पाळकसाहेबांना आजच फोन करून सभासदत्वाचं पत्र आणि मुलांच्या बाप्तिस्म्याचे दाखले मागवून घ्या. मंडळी कुठलीही ठरली तरी ते लागणारच, आणि जुन्या रजिस्टरातून नोंद काढायला वेळ लागतो.