कंपनीच्या पैशावर पीएचडी करावी का?

प्रश्न: मुलगी रसायनशास्त्रात एमएस्सी झाली आहे. पीएचडीसाठी निवड झालीय, पण गाईडचा प्रकल्प एका औषध कंपनीच्या पैशावर चालतो. नातेवाईक म्हणतात, हे कसलं संशोधन, ही तर कंपनीची चाकरी. पाठवावं का? – एक आई, सांगली

उत्तर: ताई, जरूर पाठवा, पण आधी करार बघा. रसायनशास्त्रात उद्योगांचं सोवळं पाळून चालत नाही. मुंबईत माटुंग्याची यूडीसीटी, म्हणजे आताची आयसीटी, ही रसायन तंत्रज्ञान शिकवणारी संस्था १९३३ पासून कारखान्यांशी नातं राखूनच नावारूपाला आली.

नातेवाइकांची शंका मात्र अगदीच पोकळ नाही. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात बेटी डाँग यांनी थायरॉईडच्या एका महागड्या ब्रँडची स्वस्त गोळ्यांशी तुलना केली. पैसा ब्रँडच्या कंपनीचा. १९९० मध्ये निष्कर्ष निघाला, की सगळ्या गोळ्या सारख्याच. पण कंपनीच्या लेखी संमतीशिवाय काही छापायचं नाही, असं कलम करारात होतं आणि डाँग यांनी त्यावर सही केली होती. छपाईच्या तोंडावर आलेला पेपर मागे घ्यावा लागला. तो प्रसिद्ध झाला १९९७ मध्ये. प्रयोगात खोट नव्हती, ताई. घात केला तो त्या एका कलमाने.

म्हणून मुलीला गाईडना सरळ विचारू द्या: पेपर छापायला कंपनीची परवानगी लागते, की फक्त आधी दाखवायचा असतो? पेटंटचा अर्ज होईपर्यंत काही महिने थांबावं लागणं रास्त आहे, कारण आधीच छापलं तर पेटंट हातचं जातं. पण मुदतच लिहिलेली नसेल तर सावध व्हा. थेसिसमध्ये सगळी माहिती घालता येईल का, हेही विचारा. कंपनीला हवं ते मिश्रण जमवून देणं हे काम उपयोगाचं असेल, पण त्यातून थेसिस उभा राहत नाही.

गाईड गोड बोलतीलच! त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांचे थेसिस ‘शोधगंगा’ या थेसिसच्या ऑनलाइन संग्रहात शोधा आणि लॅबमधल्या सीनियरांना पहिला पेपर कितव्या वर्षी आला ते विचारा.

आणि नेट-जेआरएफ, म्हणजे सरकारी संशोधन शिष्यवृत्तीच्या परीक्षेचा अभ्यास तिने सोडू नये. २०२३ पासून जेआरएफला महिना ३७,००० रुपये मिळतात. उद्या कंपनीने हात आखडता घेतला, तरी तिचा स्टायपेंड चालू राहील.