सुट्टी कोल्हापूरला, परीक्षा न्यू जर्सीला

प्रश्न : माझी मुलगी न्यू जर्सीत कॉलेजचं दुसरं वर्ष संपवून मेअखेर कोल्हापूरला माझ्या माहेरी, राजारामपुरीत येतेय. जूनमध्ये तिच्या मावसभावाचं लग्न आहे. जुलैअखेर ती परतेल आणि ऑगस्टअखेर डेंटल अ‍ॅडमिशन टेस्ट, म्हणजे डॅट देईल. मी रोज आठ तासांचं वेळापत्रक करून दिलंय, पण ती त्याकडे बघायलाही तयार नाही. माझा भाऊ डेंटिस्ट आहे. त्याच्या दवाखान्यात तिच्या हाताला थोडी सवय करून घ्यावी का?

उत्तर : आधी ते वेळापत्रक फाडा. तुम्ही आठ तास मोजलेत ते तिकडच्या शांत घरातले. लग्नघरातल्या जूनमध्ये केळवणं आहेत, बस्ता आहे, देवकार्य आहे, जोतिबा आणि नरसोबाची वाडी आहे. अमेरिकेहून आलेली भाची वरच्या खोलीत दार लावून बसलीय हे कुणालाही पटणार नाही, आणि खरं तर पटूही नये. लग्नाच्या आसपासचे दोन आठवडे सरळ शून्य धरा. आल्या आल्या झोपेचं घड्याळ जुळेपर्यंतचे दिवसही सोडा. मग उरतात साधारण सहा आठवडे. आठवड्याला सहा दिवस, रोज चार तास धरले तर दीडशेच्या आत-बाहेर तास होतात. ते कमी नाहीत, फक्त सकाळचे हवेत. दुपारी तांबड्या-पांढऱ्यावर ताव मारून ऑरगॅनिक केमिस्ट्रीला बसणं आमच्या गावात कुणाला जमलेलं नाही.

हे चार तास कुठे घालायचे ते तिलाच ठरवू द्या, पण परीक्षेचा आराखडा तुम्हालाही ठाऊक असू द्या. विज्ञानाचे १०० प्रश्न ९० मिनिटांत : ४० जीवशास्त्र, ३० जनरल केमिस्ट्री, ३० ऑरगॅनिक. मग आकृत्यांची, म्हणजे पर्सेप्च्युअल अ‍ॅबिलिटीची चाचणी, ९० प्रश्नांना ६० मिनिटं. त्यानंतर वाचन-आकलनाचे ५० प्रश्न ६० मिनिटांत आणि गणिताचे ४० प्रश्न ४५ मिनिटांत. ऑरगॅनिक तिचं नुकतंच झालंय, तेव्हा ऑगस्ट ही वेळ तिने बरोबर निवडलीय. अर्ज पुढच्या उन्हाळ्यात करायचा असेल तर एखादा पेपर बिघडलाच तरी ६० दिवसांनी पूर्ण परीक्षा पुन्हा देता येते.

घरात कुणीतरी नीटची पुस्तकं काढून देईलच. जीवशास्त्र त्यातून वाचायला हरकत नाही. पण डॅटमध्ये भौतिकशास्त्र नाही आणि चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत. नीटवाली भावंडं सांगतील, ‘खात्री नसेल तर सोडून दे.’ त्यांच्या परीक्षेत चुकलं की एक मार्क जातो, म्हणून ते तिथे बरोबर. हिने मात्र एकही प्रश्न रिकामा ठेवायचा नाही.

आता आकृत्यांच्या चाचणीकडे येते, कारण कोल्हापूरचा खरा उपयोग इथे आहे. या चाचणीत सहा प्रकार असतात, प्रत्येकी १५ प्रश्न. त्यातल्या एकात वस्तूचं वरून, समोरून आणि बाजूने दिसणारं चित्र असतं. तिन्हींपैकी दोन दिलेली असतात, तिसरं ओळखायचं. मुलं यासाठी तासन्‌तास व्हिडिओ बघतात. तुमच्या नात्यात, शेजारात कुणी ना कुणी उद्यमनगरात किंवा शिरोलीच्या एखाद्या फाउंड्रीत असणारच. पॅटर्न, म्हणजे ओतकामाचा नमुना, करणारा किंवा लेथवर उभा राहणारा माणूस रोज हीच ड्रॉइंगं वाचतो. एक दुपार त्याच्याबरोबर बसवा. हातात जॉब, म्हणजे घडवलेला सुटा भाग, समोर त्याचं ड्रॉइंग, आणि आत लपलेली कड तुटक रेषेने का दाखवतात हे विचारायला माणूस समोर. एकच गोष्ट आधी सांगून ठेवा. आपल्याकडे बऱ्याच ड्रॉइंगांत वरून दिसणारं चित्र समोरच्या चित्राच्या खाली काढतात, तर डॅटमध्ये ते वर असतं आणि बाजूचं उजवीकडे. हा फरक पहिल्याच दिवशी कळला नाही तर मुलगी गोंधळेल आणि दोष बिचाऱ्या काकांवर येईल.

घडी घालून भोक पाडलेला कागद उलगडल्यावर भोकं कुठे दिसतील, हा दुसरा प्रकार. पहिले काही दिवस जुना ‘पुढारी’ चौकोनी कापून खरोखर घड्या घाला. आजोबांना कामाला लावा, त्यांनाही मजा येईल. नंतर कागद बंद, सगळं डोक्यात. ठोकळे मोजण्याच्या प्रश्नात चिकटवलेल्या ठोकळ्यांची रास बाहेरून रंगवलेली असते. तिथे आधी छोटा तक्ता करायचा : किती ठोकळ्यांच्या एक, दोन, तीन बाजू रंगल्या. तक्ता झाला की एकाच आकृतीवरचे सगळे प्रश्न झटकन सुटतात. हे सगळं रोज अर्धा तास, पण मोबाइलवर नको. परीक्षा कॉम्प्युटरवर असते, म्हणून सरावही मोठ्या स्क्रीनवर.

थेट ऑनलाइन क्लास लावला असेल तर तो रद्द करा किंवा रेकॉर्डिंग बघा. तिकडच्या संध्याकाळी सातच्या क्लासला राजारामपुरीत पहाटेचे साडेचार वाजलेले असतात. घरात फारच गजबज असेल तर महिन्याच्या फीवर अभ्यासिकेत जागा घ्या. एमपीएससीवाल्या मुलांच्या शेजारी बसलं की फोन आपोआप पिशवीत जातो.

पूर्ण लांबीच्या सराव परीक्षा मात्र इथे नकोत, त्या ऑगस्टसाठी राखा. सुरुवातीच्या सूचना, मधली सुट्टी आणि शेवटची प्रश्नावली धरून हे प्रकरण सव्वापाच तासांचं आहे. खऱ्या परीक्षेची जी वेळ मिळालीय, त्याच वेळेला घरी बसून द्यायची. दुसऱ्या दिवशी नवं काही वाचायचं नाही, फक्त चुकांची वही. आणि जुन्या सीनियर्सचं ‘वीसच्या वर हवेत’ हे ऐकून घाबरू नका. ते १ ते ३० या जुन्या मोजपट्टीवरचं आहे. मार्च २०२५ पासून गुण २०० ते ६०० मध्ये मिळतात.

मामाच्या दवाखान्याबद्दल. बसावं, बघावं, वही ठेवावी. रुग्णाच्या तोंडाला हात लावायचा नाही, मामा कितीही प्रेमाने ‘ये गं, तू कर’ म्हणाला तरी. परवाना नसताना परदेशात उपचार केले, हे तिकडची कॉलेजं कौतुकाने बघत नाहीत, उलट अर्जाला बाधा येते. दात कसे काढले याच्या गप्पा जेवताना होऊ देत. आणि अर्जात दाखवायला न्यू जर्सीतल्या एखाद्या डेंटिस्टकडे बसून काम बघण्याचे तास वेगळे जमवावेच लागतील.

शेवटी एक कारकुनी काम, पण ते विमानात बसण्याआधी करा. परीक्षेच्या अर्जावरचं नाव आणि ओळखपत्रावरचं नाव जुळायला हवं. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं, मग कुठे ते पूर्ण, कुठे नुसतं आद्याक्षर, कुठे गायबच. पासपोर्ट, ड्रायव्हिंग लायसन्स आणि अर्ज एकत्र टेबलावर ठेवून तपासा. फरक दिसला तर आत्ताच दुरुस्त करून घ्या. जुलैत राजारामपुरीतून फोनवर ते निस्तरायचं तर तिकडचं ऑफिस उघडेपर्यंत इथे संध्याकाळ झालेली असते.