जिथं काम, तिथंच वर्ग

प्रिय मुली,

तुझा मेसेज वाचला. तुझ्या विशेष शाळेच्या वर्गात पॅकिंग झकास करणाऱ्या मुलाला बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या शेडमधून दोन तासांत घरी पाठवलं. तू विचारतेस, कुठं कमी पडले? जागा चुकली, बाई. जिथं काम करायचं, तिथंच शिकवायचं. आपल्या बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांचं वर्गातलं कसब आपोआप कारखान्यात चालत जात नाही.

हे कळायला मला अकरा वर्षं लागली. माझा एक विद्यार्थी शाळेच्या तागडीवर पाव किलो फरसाण बिनचूक भरायचा. बेकरीत निघाला डिजिटल काटा. लुकलुकणारे आकडे बघून तो हात मागं घेऊन उभाच राहिला. मी त्याच्या आईला सांगितलं, "अजून तयार नाही तो." तयार मी नव्हते. आज तो बत्तीस वर्षांचा आहे, घरी टीव्ही बघतो.

आणि बसचं काय? तू 'खानापूर' मराठीत गिरवून घेतेस. तुझ्या त्या मुलाच्या बसची पाटी कन्नडमध्ये. वाचायला लावू नकोस, पहिलं अक्षर चित्रासारखं ओळखू दे, स्टँडवरच. (भाषेचं भांडण आपण मोठी माणसं करू, पोराला घरी पोचू दे.) शेडमधला सुपरवायझर कन्नडमध्ये 'इल्ली इडु' (इथं ठेव), 'साकु' (पुरे) म्हणणार, तेही तिथंच कानावर पडायला हवं.

त्याला बॉक्समधले पंचवीस नग मोजता येत नाहीत म्हणू नकोस. पंचवीस खाचांची फळी कर. भरली की बॉक्स बंद. मोजायचं काम फळीचं.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात सरकारी नोकऱ्यांत 4 टक्के आरक्षण आहे, पण त्यातला जेमतेम 1 टक्का बौद्धिक अक्षमता, ऑटिझम, मानसिक आजार अशा सगळ्यांत मिळून. त्याच्या भरवशावर बसू नकोस. मोफत शिक्षणाचा हक्कही अठराव्या वर्षी संपतो, म्हणून चौदाव्या-पंधराव्या वर्षीच मुलांना वर्गाबाहेर, कामाच्या जागी शिकायला ने.

मुलांकडून दिवाळीच्या पणत्या रंगवून विकणं मी शाळेत बंद केलं म्हणून पालक अजून माझ्यावर रागावतात. शाळेचं उत्पन्न बुडालं, खरं आहे. पण लोक त्या पणत्या दयेपोटी घ्यायचे आणि रंगातल्या चुका रात्री बसून आम्ही बायकाच दुरुस्त करायचो. त्याला काय नोकरीची तयारी म्हणायचं? मी पुन्हाही बंदच करेन.

सोमवारी शेडच्या मालकाकडून पंधरा दिवस मागून घे. पहिले चार दिवस मुलाच्या शेजारी उभी राहा, मग रोज थोडी लांब सरक. स्कूटी घरी ठेव. त्याच्याबरोबर बसनं जा.

तुझी,
मॅडम