ते उत्तर अजून पाठवू नकोस

मर्दा,

काल राजारामपुरीत चहाच्या गाड्यावर तू मोबाईल पुढं धरलास आणि म्हणालास, "काका, दोन आठवडे रात्री जागून पीआर केला आणि प्रोजेक्ट सांभाळणाऱ्या त्या मेंटेनरनं तो एका ओळीत बंद केला, आता ह्याला असलं उत्तर देतो की बघाच." तिथं मी गप्प बसलो, कारण तू रडायच्या बेतात होतास. घरी येऊन तुझा तो पीआर, म्हणजे दुसऱ्याच्या कोडमध्ये बदल सुचवणारा प्रस्ताव, नीट उघडून बघितला. ४१ फाईली, १,३०० च्या वर ओळी. आणि गंमत म्हणजे बग खरा आहे, तू काढलेला उपाय पण बरोबर आहे, फक्त तो उपाय ९ ओळींचा आहे रे! बाकी सगळं एडिटरनं आपोआप केलेलं फॉरमॅटिंग, तुला न आवडलेली नावं बदललेली, आणि एक अख्खी फाईल एआयकडून लिहून घेतलेली, तिच्यातल्या दोन ठिकाणांबद्दल मी विचारलं असतं तर तुला सांगता आलं असतं का? नसतं. मग ते सांभाळणार कोण?

हा प्रश्न माझा नव्हे, आमच्या वडिलांचा. उद्यमनगरात त्यांचं छोटं वर्कशॉप होतं, कधी शेजारच्याच्या लेथवर जॉब लावायची वेळ आली की काम झाल्यावर कीस झाडून, पुसून, तेल घालून मगच ते हात धुवायचे. मी एकदा घाईत तसंच सोडून आलो तर म्हणाले, जॉब तुझा, मशीन त्याचं, उद्या सकाळी ते सांभाळणार कोण? तेव्हा मला राग आला होता.

तुला वाटतंय तू त्या माणसाला फुकट काहीतरी दिलंस आणि त्यानं ते लाथाडलं. उलटं आहे लेका. तू त्याच्या गळ्यात काम घातलंस. कोड तू एकदा लिहिणार, पुढच्या नोकरीत रमणार, विसरणार, आणि पाच वर्षांनी त्यातनं काही फुटलं की रात्री अकरा वाजता उठून बघणार तो. त्यामुळं पीआर पाठवायच्या आधी "मला असा बग दिसतोय, असा दुरुस्त केला तर चालेल का" हे इश्यूमध्ये, म्हणजे प्रोजेक्टच्या तक्रारी-सूचनांच्या पानावर, विचारायचं, ही विनंती नव्हे, हिशेब आहे. एक पीआर, एक बदल. सोबत टेस्ट, म्हणजे बदल नीट चालतो का ते तपासणारा छोटा कोड. काय बदललं ते कोडवरनं दिसतंच, का बदललं ते कमिट मेसेजमध्ये, म्हणजे बदलासोबतच्या टिपेत, लिही. बदल कसे पाठवायचे ते सांगणाऱ्या त्यांच्या कॉन्ट्रिब्युटिंग फाईलीत हे सगळं लिहिलेलं आहे, मी वाचली, तू वाचली नाहीस हे मला दिसतंय.

तू म्हणालास लिनक्स बनवणारा लिनस टोरवाल्ड्ससुद्धा लोकांना शिव्या घालायचा. घालायचा, बरोबर. आणि सप्टेंबर २०१८ मध्ये त्यानं जाहीर माफी मागितली, काही आठवडे कामातनं बाजूला झाला, त्याच वेळी लिनक्स कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या प्रोजेक्टला, आचारसंहिता पण आली. आणि शिव्या घालणाऱ्याच्या मागं १९९१ पासून स्वतः सांभाळलेला कर्नल होता, आपल्या मागं काय आहे? उचलायचंच तर ते माफीचं उचल.

पण आदर म्हणजे गोड बोलणं असंही समजू नकोस, ह्यात लई जण फसतात. एक्सझेड नावाचं फाईली दाबून लहान करणारं सॉफ्टवेअर आहे, जवळपास प्रत्येक लिनक्समध्ये असतं. ते बिनपगारी सांभाळणारा माणूस थकलेला होता, काही ऑनलाइन खाती त्याच्या मागं लागली, पॅच (लोकांनी पाठवलेल्या दुरुस्त्या) किती दिवस पडून आहेत, दुसऱ्याला सांभाळायला दे. त्याच वेळी एक जण नम्रपणे, नेटानं मदत करत होता, त्याला अधिकार मिळाले, आणि २०२४ मध्ये त्यानंच आत मागचं दार, म्हणजे चोरून शिरायची वाट, बसवलं. मार्च अखेरीला आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या डेव्हलपरला एसएसएच लॉगिनला (दुरून दुसऱ्या कॉम्प्युटरमध्ये शिरायला) अर्धा सेकंद जास्त का लागतोय असं वाटलं म्हणून ते सापडलं. अर्धा सेकंद! तेव्हा हा मेंटेनर अनोळखी माणसाचा १,३०० ओळींचा पीआर संशयानं बघत असेल तर तो खडूस नाही, शहाणा आहे.

आता माझं सांगतो, म्हणजे तुला वाटायला नको की काका जन्मापासून शहाणे. मजकूर साफ करणारी एक छोटी लायब्ररी, म्हणजे इतरांनी वापरायचा तयार कोड, होती, ती सगळे नुक्ते (अक्षराखालचे टिंब) काढून टाकायची. हिंदीवाल्यांना ते हवं असतं, ज़रूर आणि जरूर दोन्ही शोधात सापडावेत म्हणून. पण आपला ऱ आतून र अधिक नुक्ता असा मोडतो, त्यामुळं नुक्ता गेला की दऱ्याचं दर्या व्हायचं आणि आचाऱ्यांना दिलेलं जेवणाचं बिल थेट आचार्यांना जायचं. मी नुक्ता काढायचा भागच उडवला आणि वर लिहिलं की तुम्हाला आमच्या भाषेची किंमत नाही. लायब्ररी सांभाळणाऱ्या बाईंनी शांतपणे विचारलं, टेस्ट कुठे आहे, आणि हिंदीचं काय होणार? मला तो अपमान वाटला. मी तीन परिच्छेद खरडले, फोर्क, म्हणजे त्या कोडची माझी वेगळी प्रत, काढला, मित्रांना सांगितलं बघा कोल्हापुरी हिसका. दीड वर्षात फोर्क मेला, कारण सांभाळणार कोण? मी नाही. नंतर दुसऱ्याच कुणीतरी फक्त ऱ वगळणारा छोटा पॅच टेस्टसकट दिला, तो दोन दिवसांत आत गेला.

मुद्दा माझाच बरोबर होता हं. आजही म्हणतो. ऱ मोडणं चूकच होतं आणि ते सगळ्यात आधी मी दाखवलं, पण त्याचं श्रेय मागायला मी तोंडच ठेवलं नव्हतं. त्या बाईंना "चुकलो" असं लिहायचं मी कितीदा ठरवलं, मग वाटतं आता इतक्या वर्षांनी काय, त्यांना आठवतही नसेल. मला मात्र ते तीन परिच्छेद पाठ आहेत.

तर ते उत्तर अजून गेलं नसेल तर पुसून टाक. गेलं असेल तर आजच्या आज खाली एक ओळ लिही, रागात लिहिलं, चुकलो, ९ ओळींचा वेगळा पीआर टाकू का. तो नाही म्हणाला तर नाही, प्रोजेक्ट त्याचा आहे. हो म्हणाला तर पाठवून आठवडाभर गप बस, रोज "कुछ अपडेट?" विचारायचं नाही, त्याला पण घरदार असेल. रविवारी सकाळी घरी ये, ४१ फाईलींतनं त्या ९ ओळी वेगळ्या काढायला मी बसतो तुझ्याबरोबर. चार्जर आण, माझा बिघडलाय.

तुझा,
काका