कोल्हापूरहून पहिल्यांदाच विमान पकडताय?
तिकीट शोधताना नुसतं ‘कोल्हापूर’ टाकून थांबू नका. त्याच तारखेला बेळगाव, पुणे आणि गोवाही बघा. गोव्यात दाबोळी आणि मोपा असे दोन विमानतळ आहेत, तिकिटावरचं नाव नीट वाचा. तुलना करताना टॅक्सीभाडं आणि टोल धराच.

नवख्यांची सगळ्यात महागडी चूक म्हणजे स्वस्त दिसतात म्हणून दोन वेगळी तिकिटं जोडणं. पहिलं विमान लांबलं की दुसरं तिकीट बुडतं, कारण दुसरी कंपनी जबाबदार नसते. म्हणून:

- सगळा प्रवास एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंग क्रमांकावर घ्या.
- जमत नसेल तर मध्ये पाच-सहा तास ठेवा. पुढचं विमान परदेशी जाणारं असेल तर आदल्या दिवशीच पोचा.
- विमान रोज आहे की ठरावीक वारीच, ते तपासा.

मुंबईपर्यंतच जायचं असेल तर रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस बिनधास्त घ्या.