कागलला चालतं, निपाणीत नाही

प्रश्न : निपाणीत हायवेलगत माझी पानपट्टी आहे. परवा एका पोरानं सिगारेट मागितली. दिसायला सोळा-सतराचा. मोबाइलवर आधारचा फोटो दाखवला, त्यात वय १९, पत्ता कागलचा. पण चेहरा त्याचा वाटेना. मी सिगारेट दिली नाही, मात्र मोबाइल काढून घेतला आणि ‘वडिलांना घेऊन ये’ म्हटलं. तासाभरानं चुलता आला, मोबाइल घेऊन गेला. आता पोलिसांत जाईन म्हणतोय. माझं चुकलं का?

उत्तर : सिगारेट नाकारलीत ते योग्यच. आधार खरं निघालं असतं तरी नाकारावीच लागली असती. केंद्राच्या २००३ च्या तंबाखू कायद्यात वयाची अट १८ आहे, कागल महाराष्ट्रात, तिथं तीच चालते. निपाणी मात्र कर्नाटकात. कर्नाटकानं दुरुस्ती करून ती २१ केली आणि २०२५ पासून ती लागू आहे. गिऱ्हाईक कुठल्या गावचं यापेक्षा विक्री कुठं झाली, हे महत्त्वाचं. सीमेवरचं कोगनोळी ओलांडून आलेल्या प्रत्येकाला हे सांगावं लागेल, त्रास आहे खरा. सुटी सिगारेटही इथं विकता येत नाही.

गिऱ्हाईक सज्ञान होतं हे सिद्ध करण्याची जबाबदारी विक्रेत्यावर असते. म्हणून शंका आली की मूळ कार्ड मागा. मोबाइलवरचा फोटो कुणीही बदलू शकतो. आधारवरचा क्यूआर कोड सरकारी ॲपनं तपासता येतो. तरी मन खात्री देईना, तर विकू नका. दंड हजार रुपयांपर्यंतच आहे, पण पोरगं अठराच्या आतलं निघालं तर बाल न्याय कायद्याचं कलम ७७ लागतं : सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. ‘बाबांनी मागवलंय’ म्हणणाऱ्या पोराच्या हातातही पुडी देऊ नका.

चूक झाली ती मोबाइलची. बनावट ओळखपत्र वापरणं गुन्हा आहे, पण ते जप्त करायचा अधिकार पोलिसांना, तुम्हाला नाही. चुलत्याला भेटून मोबाइल ठेवल्याबद्दल दिलगिरी व्यक्त करा. पोराच्या काळजीपोटी केलंत हेही सांगा. त्या आधी घटना तारीख-वेळेसह लिहून ठेवा, कॅमेरा असेल तर चित्रण जपा. पोराचा किंवा आधारचा फोटो व्हॉट्सॲपवर कुणालाही पाठवू नका. आणि दुकानावर अठराचा जुना फलक असेल तर तो आजच उतरवून एकवीसचा लावा, कन्नडमध्ये आणि मराठीतही.